कर्मचारी-प्रशिक्षण: समज आणि वस्तुस्थिती

प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासाला फीडबॅक फॉर्म भरून घेतले जातात. बहुतेक जण ‘उत्तम’वर खूण करतात आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याची नोंद अहवालात होते. सर्वांत खोल रुजलेला गैरसमज हाच. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये सुरू केलेल्या लेखमालेत मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: कार्यक्रम कसा वाटला, त्यातून काय शिकले, कामाच्या पद्धतीत काय बदलले आणि संस्थेला काय साधले. फॉर्म पहिल्याच पायरीपर्यंत पोहोचतो. तिसरी पायरी तपासायची तर काही आठवड्यांनी प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते, आणि आधीचे काम कसे होते याची नोंदही हाताशी लागते. ती प्रशिक्षणापूर्वीच घ्यायची असते. नेमकी तीच राहून जाते.

काम बिघडले की माणसाला प्रशिक्षणाला पाठवायचे, हाही असाच एक समज. सीएनसी लेथवर शाफ्टचा व्यास मोठा येऊ लागला, रिजेक्शन वाढले, की ऑपरेटरचे नाव वर्गाच्या यादीत जाते. टूलचे टोक झिजत गेले की व्यास वाढत जातो, हे त्याला ठाऊक असते. ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा किंचित सरकवून, तो काही काळ निभावतोही. पण नवा इन्सर्ट, म्हणजे टूलचे बदलायचे टोक, स्टोअरमधून दुसऱ्या दिवशी मिळत असेल, तर वर्गात बसून काय होणार? योग्य साधन हाती दिल्यावर काम जमते का, हे आधी पाहायला हवे. जमत असेल, तर दुरुस्ती स्टोअरच्या व्यवस्थेत करायची. अशा वेळी ऑपरेटरला कमी लेखणे अन्यायाचे आहे.

‘वाचलेले 10 टक्के, केलेले 90 टक्के लक्षात राहते’ ही स्लाइड अजूनही सर्रास दाखवली जाते. तिच्यासाठी एडगर डेल यांच्या ‘अनुभवाच्या शंकू’चा आधार देतात. डेल यांच्या 1946 च्या मूळ आकृतीत एकही टक्केवारी नाही.

पुन्हा पुन्हा वाचून पक्के होते, हे मात्र अर्धेच खरे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत फेरवाचन करणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले: फेरवाचन करणाऱ्यांना सुमारे 42 टक्के मजकूर आठवला, तर पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. म्हणून वर्ग सुटताना घेतलेल्या परीक्षेचे गुण फसवे ठरू शकतात. छोटी चाचणी काही दिवसांनी पुन्हा घेतली, तर शिकलेले टिकतेही आणि किती टिकले हेही कळते.