भाज्यांचे ग्योझा
ग्योझा म्हणजे पातळ पारीत सारण भरून तव्यावर परतलेला जपानी पदार्थ. त्याचे मूळ चीनच्या ज्याओझ या पदार्थात आहे. १९४५ नंतर मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांनी तो घरोघरी रुजवला. जपानमधील उत्सुनोमिया आणि हामामात्सु ही शहरे आज त्यासाठी ओळखली जातात.

मूळ सारणात बहुधा डुकराचा खिमा असतो. शाकाहारी प्रकारात कोबी, शिताके अळंबी, घट्ट टोफू, निरा नावाची लसणाच्या वासाची पात, आले आणि तिळाचे तेल येते. बारीक चिरलेल्या कोबीला मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटांनी तो घट्ट पिळणे ही सर्वांत महत्त्वाची पायरी. पाणी राहिले तर पारी भिजते आणि फाटते, म्हणून इथे घाई नकोच. टोफूही दाबून कोरडा करावा.

पारी मैद्याची, साधारण ९ सेंटिमीटर व्यासाची. मधोमध चमचाभर सारण ठेवून कडेला पाणी लावायचे आणि करंजीसारखी घडी घालायची; मात्र चुण्या एकाच बाजूला घ्यायच्या. त्यामुळे तळ सपाट होऊन ग्योझा तव्यावर नीट बसतो.

तेलात तळ सोनेरी झाला की थोडे पाणी ओतून लगेच झाकण ठेवावे. वाफेने पारी आणि सारण शिजते. पाणी आटल्यावर झाकण काढून तळ पुन्हा कुरकुरीत करावा. सोबत सोया सॉस, तांदळाचा व्हिनेगर आणि रायु हे तिखट तेल एकत्र करून द्यावे.