काडतुसातली रिकामी जागा

नेमबाजीच्या सरावासाठी भरलेलं पॉइंट ३८ स्पेशलचं काडतूस उभं कापून पाहिलं, तर पहिलं आश्चर्य वाटतं ते आत काय नाही याचं. २९ मिलिमीटर लांबीची पितळी पुंगळी, तळाशी दारूचे थोडे कण, वर शिशाची गोळी आणि मधे निव्वळ हवा. दारू पाव ग्रॅमही भरत नाही. पण तेवढ्यावर साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आसपास वेग घेते. नळीतल्या पिळामुळे स्वतःभोवती सेकंदाला साडेचारशेहून जास्त गिरक्या घेत ती ४५ मीटरवरच्या कागदाला गोल भोक पाडते.

ही जागा कुणी मुद्दाम मोकळी सोडलेली नाही. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं १८९८ च्या सुमारास हे काडतूस आखलं, तेव्हा त्यात काळी दारू भरायची होती. ती सुमारे २१ ग्रेन, म्हणजे जवळपास १.४ ग्रॅम लागे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू होतच नाही. धूर आणि काजळी होऊन राहतो. त्याआधीच, १८८४ मध्ये, पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू बनवली होती. ती जळते तेव्हा तिचा जवळजवळ सगळाच वायू होतो, म्हणून फार थोडी पुरते. दारू बदलली, पण पुंगळीची लांबी बदलता येईना, कारण तिच्या मापाची रिव्हॉल्व्हरं लोकांच्या हाती पोचली होती. काळ्या दारूसाठी राखलेली जागा सव्वाशे वर्षांनंतरही तशीच आहे.

अमेरिकेत हजारो नेमबाज आपली काडतुसं घरच्या गॅरेजमध्ये स्वतः भरतात. एक कारण पैशाचं. काडतुसाचा सगळ्यात महाग भाग पुंगळी, आणि ती पुन्हापुन्हा वापरता येते. दुसरं कारण अचूकतेचं. आपल्याच रिव्हॉल्व्हरला मानवेल असं काडतूस जुळवता येतं. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठावर कॅम्प पेरी आहे. तिथं १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तिथल्या ५० यार्डांवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ साडेआठ सेंटिमीटरचं असतं. एवढ्या लहान वर्तुळासाठी खेळताना सगळ्या गोळ्या एकसारख्या वेगानं सुटणं किती महत्त्वाचं, हे नेमबाजाला चांगलं ठाऊक असतं.

सुरुवात करणाऱ्याला रिव्हॉल्व्हर सोयीचं पडतं. रिकाम्या पुंगळ्या चक्रीतच राहतात, गवतात शोधत फिरावं लागत नाही. या काडतुसाचा दाबही सौम्य समजला जातो, पण सौम्य म्हणजे किती? कमाल मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पाचशेपटीहून जास्त!

हा दाब पितळ कसा पेलतं, हे मोठं रंजक आहे. पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. दारू पेटली की पुंगळी फुगून चक्रीच्या भोकाला घट्ट चिकटते आणि मागं यायची वायूची वाट बंद करते. गोळी बाहेर पडून दाब उतरला की ती किंचित आक्रसते, म्हणूनच सहज बाहेर काढता येते. मात्र मूळ मापावर ती पूर्ण परतत नाही. म्हणून ती पुन्हा भरताना हातप्रेसवरचं, म्हणजे हातानं चालवायच्या दाबयंत्रावरचं, पहिलं काम तिला मापात आणण्याचं. पुंगळी एका साच्यातून, म्हणजे डायमधून दाबायची. डायमधलं कडं टंगस्टन कार्बाइडचं असेल तर तेलही लावावं लागत नाही. त्याच फटक्यात डायमधली सुई तळातला जळका प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बाहेर ढकलते.

सुईनं असं सरळ ढकलता येतं, त्यामागे एक गमतीदार इतिहास आहे. १८६६ मध्ये दोघांनी प्रायमरच्या दोन रचनांचं पेटंट घेतलं. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण, म्हणजे जिच्यावर पेटणारं रसायन चेपलं जातं तो भाग, प्रायमरच्या पोटातच बसवली आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक ठेवलं. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी ऐरण पुंगळीचाच भाग केली आणि तिच्या दोन बाजूंना बारीक भोकं पाडली. पुढं इंग्रजाची रचना अमेरिकेत रुळली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेत घरगुती भरणीचा छंद फोफावला, त्याचं काही श्रेय त्या मधल्या एका भोकाला द्यायला हवं.

आपल्याकडचे बरेच पिस्तूल-नेमबाज मात्र पॉइंट २२ वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं तेही याच जातीच्या काडतुसांवर. त्यांत पेटणारं रसायन पुंगळीच्या कडेच्या घडीतच असतं. घोड्याच्या फटक्यानं ती कड चेपली की पुंगळीचं आयुष्य संपलं. शिवाय भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हा छंद इथं घराघरात शिरलेला नाही.

परत हातप्रेसवर येऊ. मापात आलेल्या पुंगळीचं तोंड जरासं फाकवायचं, म्हणजे गोळी बसताना शिसं खरवडलं जात नाही. मग नवा प्रायमर, मोजलेली दारू, गोळी आणि शेवटी पुंगळीची कड आत वळवून गोळी आवळणं. हे आवळणं रिव्हॉल्व्हरमध्ये विशेष गरजेचं असतं. पहिली गोळी सुटते तेव्हा उरलेली पाच काडतुसं चक्रीत बसून तोच धक्का खात असतात. रिव्हॉल्व्हर झटक्यात मागं येतं, पुंगळ्या त्याच्यासोबत मागं ओढल्या जातात, पण जड गोळ्या जागीच राहू पाहतात. पकड सैल असेल तर त्या पुंगळीतून पुढं सरकतात आणि चक्री अडकते.

आवळलेल्या या कडेनं ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात कोड्यात टाकलं होतं. पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये ठेवली जात. उघाड पडल्यावर पाहावं तर अनेक पुंगळ्या तडकलेल्या, आणि तडा नेमका गोळीभोवती आवळलेल्या भागात! उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केला. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हवेत मिसळत होता आणि धातू घडवताना त्यात उरलेल्या ताणाशी मिळून पितळ तडकवत होता. तापवून हा ताण उतरवला की पितळ टिकतं.

आता पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे. नवख्याला खरा धोका तिथंच आहे. पुंगळी दारूनं काठोकाठ भरत असती, तर चुकून दोनदा टाकलेली दारू सांडली असती आणि चूक लगेच कळली असती. इथं दुप्पट दारूही गुपचूप मावते आणि तिचा दाब रिव्हॉल्व्हर फोडू शकतो. उलट चूकही तितकीच वाईट. दारू टाकायचीच राहिली तर एकटा प्रायमर गोळीला जेमतेम नळीत ढकलतो. ती तिथंच अडकते आणि पुढची गोळी मागून येऊन आदळते. म्हणूनच नियम कडक असतात. दारूचं प्रमाण छापील पुस्तिकेतूनच घ्यायचं आणि सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा. गोळ्या बसवण्याआधी पुंगळ्या फळीवर उभ्या मांडून प्रत्येकीत उजेड टाकून पातळी पाहायची. डोळ्यांवर चष्मा हवा, हातातलं शिसं धुतल्याशिवाय काही खायचं नाही आणि गप्पा नंतर.

ही मोकळी जागा अचूकतेलाही बाधते. पुंगळी आडवी असताना दारू प्रायमरपाशी आहे की गोळीपाशी, यावरही वेग थोडाफार बदलतो. यावर उतारा म्हणजे वॅडकटर नावाची गोळी. वजन १४८ ग्रेन, तोंड सपाट. तिची जवळजवळ सगळी लांबी पुंगळीच्या आत उतरते आणि डोकं काठाशी समपातळीत येतं, त्यामुळे आतली बरीचशी रिकामी जागा गोळीच व्यापते. शिवाय सपाट तोंड कागद फाडत नाही, पंचासारखा गोल तुकडा कापून नेतं, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत.

सराव करणाऱ्यानं सुरुवात याच गोळीनं आणि हलक्या भरणीनं करावी. पुढची सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग ते दारूचं वजन असो, गोळी असो की आवळण्याची ताकद. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर लक्ष्यावरची भोकं जवळ आली तरी ती कशामुळे, ते कधीच कळणार नाही.