वडकी ते पाटणबोरी: थांब्यांचं दशक

राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५मध्ये शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी आणि आखणीसाठी २०,७८७ कोटी रुपये मंजूर केले. तेव्हाच्या आखणीत पवनारहून पत्रादेवीपर्यंत बारा जिल्ह्यांतून जाणारा हा सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता यवतमाळ जिल्ह्यातूनही जायचा आहे. ठिकठिकाणचे शेतकरी जमीन द्यायला तयार नाहीत, आखणीवर भांडणं चालू आहेत, आणि तो प्रश्न या लेखापेक्षा मोठा आहे. इथे मला वेगळं काही मांडायचं आहे. या रस्त्याच्या बाजूने एकच आकडा पुन्हापुन्हा पुढे केला जातो: नागपूर ते गोवा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येणार. वाचणाऱ्या तासांपैकी काही वेगातून येतील, हे खरं. बाकीचे न थांबण्यातून येतील. यवतमाळच्या रस्त्यांवर हे न थांबणं केव्हाच सुरू झालं आहे. चार मित्रांनी गाडी काढावी, वाटेत सावकाश जेवावं, गाडी चालवणारा सोडून बाकीच्यांनी एखादी बीअर घ्यावी आणि रात्री जिथे ढोल वाजतो आहे तिथे उतरावं, असा प्रवास या जिल्ह्यात साधारण २००७ ते २०१७ या काळात बहरला होता. तो आटला. त्याचं खापर जिथे फोडलं जातं तिथे ते फुटायला नको, म्हणून हा मागोवा.

त्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा सात क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जिल्हा ओलांडून पैनगंगेपलीकडे आदिलाबादला जायचा. त्यावरचे ढाबे ट्रकवाल्यांचे. खाट, दालफ्राय, तंदुरी रोटी, आणि देशात कुठेही मिळेल तीच चव. बाकी जिल्ह्यात प्रवास म्हणजे एसटी आणि एसटीच्या उपाहारगृहातला चहा. मित्रांनी हौसेने गाडी काढायची तर गाडी हवी, आणि ती फार थोड्यांकडे होती. कर्जावरची मोटरसायकल आणि जुन्या बाजारातली चारचाकी नागपूर-यवतमाळच्या पगारदार तरुणाच्या आवाक्यात आली, तेव्हा चित्र बदललं. पावसाळ्यात उमरखेड तालुक्याच्या टोकाला सहस्रकुंडचा धबधबा, हिवाळ्यात माहूर, उन्हाळ्यात टिपेश्वर, अशी ठिकाणं ठरली. रस्त्यालगतच्या माणसालाही कळलं, की आता येणारं गिऱ्हाईक ट्रकवाल्यासारखं पोट भरून निघून जाणारं नाही. ते बसायला आलेलं आहे.

बसायला यवतमाळच का, याचं उत्तर नकाशात आहे. नागपूरहून हैदराबाद रस्त्याने निघालं की जामपासून पुढे हिंगणघाट, वडनेर असा वर्धा जिल्हा लागतो, आणि वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. वर्धा नदी ओलांडली की वडकी, म्हणजे यवतमाळ. देवळीकडून कळंबला येणाऱ्या रस्त्याचंही तेच. पुढे एप्रिल २०१५मध्ये पूर्वेकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी आली आणि ती जुलै २०२१पर्यंत टिकली. त्या सहा वर्षांत वणी आणि मारेगाव ही चंद्रपूरकरांची जवळची गावं झाली. दक्षिणेला पैनगंगा, तिच्यापलीकडे दुसरं राज्य, दुसरे परवाने, दुसरे भाव. दोन नद्यांच्या मधला हा जिल्हा असा प्रवाशाचा पहिला किंवा शेवटचा कायदेशीर थांबा ठरला. हे काही अभिमानाने मिरवण्यासारखं नाही, आणि बंदी असलेल्या जिल्ह्यांत चोरटी वाहतूक याच पट्ट्यातून झाली हेही उघड आहे. पण थांबा तयार झाला आणि त्या थांब्याभोवती एक स्वयंपाक उभा राहिला. या दशकातली जपण्यासारखी गोष्ट तो स्वयंपाक होता.

तो स्वयंपाक मुळात वेळेवर उभा होता. गावरान कोंबडा हा काही दहा मिनिटांत शिजणारा जीव नाही. चुलीवर हंडी चढवायची, कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजायचं, त्यात खसखस, धणे, मिरे, दगडफूल घालून पाट्यावर वाटायचं, आणि रस्सा इतका उकळू द्यायचा की तर्री आपसूक वर येऊन थांबेल. यात दीड तास सहज जातो. रोडग्यांना तर त्याहून जास्त. जाडसर दळलेल्या कणकेच्या पाऱ्या एकीवर एक गुंडाळून गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचा, राख झटकून फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पाटोडीचा रस्सा, सांबारवडी, गोळाभात, ज्वारीची भाकरी, भाजलेल्या मिरचीचा ठेचा, यातलं काहीच झटपट होणारं नाही. मग गिऱ्हाईक तेवढा वेळ बसणार कशाच्या जोरावर? मुगाचे वडे, भाजलेले शेंगदाणे, चिरलेला कांदा आणि मधोमध बर्फाच्या पेटीतून काढलेली ६५० मिलिलिटरची बाटली, चौघांत दोन. त्या बाटलीवर मालकाला जे सुटायचं, त्यातून चुलीपाशी बसलेल्या बाईचा दीड तास निघायचा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात स्ट्राँग बीअर चांगली की माइल्ड, हा वाद मित्रमंडळींनी घालत बसावा. माझ्या दृष्टीने तिची खरी किंमत ती संथ जेवणाचा खर्च उचलायची यात होती. साओजी मसाल्याचं कौतुक सगळे करतात. तो मसाला ज्या उसंतीवर पिकला तिचा हिशेब कोणी मांडत नाही.

संगीताचं गणितही उसंतीचंच होतं, फक्त ते ढाब्यावर मिळत नव्हतं. ते ऋतूने यायचं आणि रस्त्यापासून थोडं आत असायचं. दिवाळीच्या सुमारास झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांत कोलाम आणि गोंड वस्त्यांवर दंडार रंगायची. होळीच्या दिवसांत पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी भागातल्या बंजारा तांड्यांवर डफ आणि थाळीच्या तालावर लेंगी चालायची. आर्णीत बाबा कंबलपोष यांच्या उरुसात कव्वाली, एप्रिलमध्ये गावोगाव भीमगीतांचे सामने, आणि शारदीय नवरात्रात यवतमाळ शहर, जिथला दुर्गोत्सव बघायला सगळा विदर्भ लोटतो. या साऱ्याला तिकीट नव्हतं आणि पाहुण्यासाठी वेगळा मंचही नव्हता. लेंगी तांडा स्वतःसाठी म्हणायचा; वाटेवरचा माणूस कडेला उभा राहिला तर कोणी त्याला हटकत नसे, इतकंच. पण म्हणणारा तापायला वेळ लागतो. किंगरीवर गोंडांच्या कुळकथा गाणारा परधान पहिल्या घटकेत काहीच देत नाही; कथा वर चढते ती मध्यरात्रीनंतर. ज्याला रात्री दहाला नागपूर गाठायचं आहे त्याला यातलं काही मिळणार नाही. ज्याला दीड तास जेवणासाठी बसायची सवय लागली होती, त्याला मिळालं. म्हणून जेवण, बीअर आणि गाणं या तीन वेगळ्या हौशी होत्या असं मी मानत नाही. तिघांना एकाच गोष्टीचा आधार होता, रिकाम्या वेळेचा.

हा आधार कसा गेला? लोक सरळ सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाकडे बोट दाखवतात. १५ डिसेंबर २०१६च्या त्या आदेशाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७पासून बंद केली. अगदी आदल्या दिवशी, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणलं. जुलै २०१७मध्ये शहरांच्या हद्दीबाबत आणि फेब्रुवारी २०१८मध्ये ग्रामपंचायतींबाबत न्यायालयाने आणखी मोकळीक दिली. म्हणजे परवाने पुष्कळसे परत आले. मग स्वयंपाक का परत आला नाही? कारण त्याचा कणा आधीच मोडत आला होता. सात क्रमांकाच्या रस्त्याचं चौपदरीकरण झालं, दुभाजक उभे राहिले, क्रमांक बदलून ४४ झाला आणि पांढरकवड्यासारखं गाव वळणरस्त्याने बाजूला पडलं. समोरच्या ढाब्यावर जायचं तर पुढच्या फटीपर्यंत जाऊन वळून यायचं, हे एकदा ठरलं की चारपैकी तीन गाड्या थांबत नाहीत. नागपूर-तुळजापूर रस्त्यानेही कळंबपासून उमरखेडपर्यंत तोच धडा गिरवला. उरलेल्या गिऱ्हाइकावर चूल पेटती ठेवणं ज्यांना जेमतेम जमत होतं, त्यांच्या हातातून एप्रिलमध्ये बीअरचं उत्पन्न गेलं. हंडी उतरली, लाल ग्रेव्हीचा एकच टोप चढला, आणि त्यातूनच पनीरही निघू लागलं अन् चिकनही. परवाना परत मिळाला तोवर चुलीपाशी बसणाऱ्या बाया दुसऱ्या कामाला लागल्या होत्या. माझा आरोप न्यायालयावर दुय्यम आणि रस्ता आखणाऱ्यांवर मुख्य आहे.

गाण्याच्या बाबतीत मात्र कायद्याने थेट घाव घातला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००चे, रात्री दहा ते सकाळी सहाच्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं २००५मध्ये, आणि २०१०च्या दुरुस्तीने त्या बंदीत ध्वनिवर्धकासोबत वाद्यंही आली. वर्षाकाठी पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची सूट राज्याला देता येते, ती बहुतेक मोठ्या सार्वजनिक उत्सवांच्या वाट्याला जाते. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप मिळावी, हा हेतू योग्यच. पण परिणाम पाहा. संध्याकाळी सातला काळीज हादरवणारा डीजे दहाच्या आत आपलं काम उरकतो आणि राजरोस निघतो. अडचण होते ती मध्यरात्री चढणाऱ्या हाताच्या वाद्याची. अंमलबजावणी गावोगावी सारखी नाही, आडवळणाच्या कोलाम पोडावर, म्हणजे वस्तीवर, अजून रात्र जागते. रस्त्यालगतच्या गावात मात्र डीजेने ढोलाची जागा घेतली ती याच फटीतून.

आता आक्षेप. पहिला असा की दारू आणि रस्ता यांची गाठ म्हणजे मरण, आणि तिच्यासाठी हळहळणं बेजबाबदारपणाचं आहे. यातला पूर्वार्ध मला शंभर टक्के मान्य आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क असलेल्या माणसाने चाकाला हात लावू नये, हा मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजारांपर्यंत नेला, तो कमीच वाटतो. पण तपासणी चालकाच्या श्वासाची व्हायला हवी. दुकानाचं अंतर मोजून चालकाचा श्वास शुद्ध होत नाही. झाकण उघडायची जागा बदलते, आणि टेबलावर चौघांत फिरणारी बाटली बंद होऊन पिशवीतली बाटली चालत्या गाडीत येते. जो थांबतो तो निदान जेवतो, पाणी पितो, वेळ जाऊ देतो, आणि शहाणा असेल तर न पिणाऱ्याच्या हाती किल्ली देतो.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो यवतमाळच्या बायांचा आहे. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात स्वामिनी अभियानाने संपूर्ण दारूबंदीची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. ज्या घरात कापसाचा पैसा येण्याआधीच गुत्त्यावर लिहिला जातो, त्या घरासमोर मित्रांच्या सहलीचं सुख मांडायला कोणालाही संकोच वाटावा. मला वाटतो. तरीही ज्या दुकानाने त्या बायांचं घर धुतलं ते गावातलं देशीचं दुकान आणि त्यामागची हातभट्टी. करंजीच्या फाट्यावर जेवणासोबत दिली जाणारी बीअर तिथे क्वचितच पोचते. उलट ५०० मीटरच्या नियमाने रस्त्यावरची दुकानं आत, वस्तीच्या अंगावर सरकू पाहत होती, आणि त्याविरुद्ध देशभर बायाच रस्त्यावर उतरल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात बायांनी उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान करून गावातलं दुकान हटवायची सोय आहे. ते हत्यार अधिक धारदार करा, मतदानाच्या अटी सोप्या करा, मी त्यांच्या बाजूला उभा आहे. फाट्यावरची चूल विझवून त्यांचा तो लढा जिंकला जात नाही.

उरला शेवटचा युक्तिवाद, की नव्या रस्त्यांवर खाण्याची केंद्रं येतातच. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हा शेकडो किलोमीटर धड उपाहारगृह नव्हतं, आणि तो जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाल्यावरही कुंपणामुळे लगतच्या गावातली बाई रस्त्यावर भाकरी विकू शकत नाही. गाळा घेईल त्याचीच चूल. शक्तिपीठ झालाच, तर यवतमाळच्या हद्दीतल्या प्रत्येक फाट्यावर काही गाळे दोनशे चौरस फुटांचे ठेवावेत, त्यांची अनामत बचतगटाला झेपेल एवढी असावी, चुलीला आणि गोवरीला परवानगी असावी, आणि कुंपणाला गावाच्या बाजूने एक दार असावं, ज्यातून प्रवाशाला कळंबच्या चिंतामणीपर्यंत किंवा आर्णीच्या उरुसापर्यंत जाऊन येता येईल. भूसंपादनाच्या नोटिसा निघत असताना या अटी निविदेत घालणं शक्य आहे. गाळे वाटून झाल्यावर ते शक्य राहणार नाही.