अडीच मिलिमीटरचा रहिवासी

सतराव्या शतकात यॉर्क शहरातला एक डॉक्टर, मार्टिन लिस्टर, हवेतून वाहत जाणारे कोळ्यांचे तंतू बघत तिथल्या मिन्स्टर कॅथेड्रलच्या माथ्यावर चढला. वर पोचून बघतो तर तंतू अजूनही डोक्यावर उंच तरंगताहेत! पंख नसलेला जीव उडतो कसा, याचा माग काढणाऱ्या या माणसाने १६७८ साली इंग्लंडमधल्या कोळ्यांची जातवार वर्णनं छापली. जीवांना शास्त्रीय नावं देण्याच्या लिनियसच्या पद्धतीला तेव्हा ऐंशी वर्षं अवकाश होता.

आज ब्रिटनच्या यादीत कोळ्यांच्या साडेसहाशेहून अधिक जाती आहेत. त्यातल्या बऱ्याचशा ‘मनी स्पायडर’ कुळातल्या, काळ्या-तपकिरी आणि तांदळाच्या दाण्याहूनही लहान. नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच. मग ओळखायचे कसे? सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या तोंडाजवळची पायांसारखी दोन छोटी उपांगं बघतात. नर इवलंसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि पेनात शाई भरावी तसा तो या उपांगांच्या टोकाशी ओढून घेतो. या टोकांवरचे आकडे, काटे, वळणं जातीगणिक निराळी. मादीच्या पोटाखालची रचनाही तशीच निराळी. हे अवयव शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण घडतात, म्हणून पिल्लू हाती लागलं तर पुष्कळदा जात सांगताच येत नाही. एवढ्याशा देहात निसर्गाने केलेली ही कारागिरी पहिल्यांदा बघताना श्वास रोखला जातो.

नाव ठरलं की नोंद: कोणती जात, कुठे, कधी, कोणी पाहिली. १९८७ पासून देशभरातले हौशी अभ्यासक अशा नोंदी एका योजनेत जमा करत आहेत. या कामातली खरी श्रीमंती मला या माणसांची वाटते. डॉर्सेटमधल्या कोळ्यांवर एकोणिसाव्या शतकात मोठा ग्रंथ लिहिणारे ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज हे तर गावच्या चर्चचे धर्मगुरू होते.

इतकी शतकं शोधूनही यादी संपलेली नाही. पाणथळीत राहणारा फेन राफ्ट स्पायडर हा ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांपैकी एक, पण तिथे तो सापडला थेट १९५६ साली! आणि प्लिमथमधल्या चुनखडीच्या जुन्या खाणींत सापडलेल्या, जेमतेम अडीच मिलिमीटरच्या ‘नोथोफँटीस हॉरिडस’चं वर्णन १९९५ साली प्रसिद्ध झालं. विज्ञानाला तो तोवर ठाऊकच नव्हता. त्यातल्या रॅडफर्ड खाणीत पुढे घरं बांधायचा प्रस्ताव आला. परवानगी नाकारली गेली, अपीलही २०१५ मध्ये फेटाळलं गेलं, आणि त्यामागच्या कारणांत हा कोळी होता.