पुण्याची थंडी आणि स्नानाचें पाणी

मार्गशीर्ष लागला, कीं पुण्यांतील पहाटेचा गारठा घरोघर चर्चेचा विषय होतो. १७ जानेवारी १९३५ रोजीं येथील उष्णमान १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे; तथापि थंड देशांप्रमाणें सबंध घर तापविण्याची पाळी पुणेकरांवर येत नाहीं. आपला खरा प्रश्न आहे तो स्नानाच्या पाण्याचा. आणि ज्या घरीं आठ माणसें एकामागून एक न्हाणीघरांत शिरतात, तेथें तो खर्चाचाहि होतो.

पूर्वीच्या वाड्यांतून तांबट आळींत घडविलेला तांब्याचा बंब हें याचें उत्तर होतें. मध्यें विस्तवाची नळी व सभोंवार पाणी. करवंट्या, ढलप्या, कोळसे, कांहींहि त्यास चाले. आजच्या सदनिकांत धुरास वाट नाहीं, म्हणून बंब दिवाणखान्यांत शोभेला जाऊन बसला आहे.

त्याच्या जागीं काय आणावें, हें ठरविण्यापूर्वीं थोडा हिशेब करावा. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. २० लिटरांची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाची, तर ५०० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटांत ८६० मिळतात. म्हणजे आठ बादल्यांस रोज सुमारें ५ युनिटें लागतील. तेंच काम गॅसवर केल्यास १४.२ किलोंचें सिलिंडर सुमारें महिनाभर पुरेल. आपल्याकडील चालू दरानें गृहिणीनें स्वतःच गुणाकार करावा. गीझरच्या टाकींत पाणी तापून तिष्ठत राहिल्यास उष्णता वायां जाते. यास्तव स्नानें लागोपाठ उरकण्याची जुनी शिस्तच फायद्याची.

ज्यांस स्वतःची गच्ची आहे, त्यांनीं मात्र प्रथम सूर्यनारायणाकडे वळावें. दक्षिणाभिमुख असा सुमारें २ चौरस मीटरांचा संच निरभ्र दिवशीं १०० लिटर पाणी ६० अंशांच्या आसपास तापवितो. त्यांत ६० लिटर गार पाणी विसणलें, कीं आपल्या आठ बादल्या झाल्या! आरंभीं खर्च अधिक येतो हें खरें, पण इंधन फुकट मिळतें. पावसाळ्यांतील ढगाळ दिवसांसाठीं विजेची जोड हवीच.

एक गोष्ट मात्र काटकसरीहून मोठी आहे. कोंडलेल्या जागेंत कोळसा किंवा गॅस जळाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो. त्यास ना रंग, ना वास. हांक मारण्यापूर्वींच माणूस बेशुद्ध होतो. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंतच बसवावा. आणि बाळंतिणीची शेकशेगडी आंत ठेवून दारें-खिडक्या लावून घेण्याची चाल तर आजच सोडावी, अशी आमची वाचकभगिनींस आग्रहाची विनंती आहे. चार पैसे वांचविण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. गेलेला जीव परत आणण्याचा एकहि नाहीं.