आधी शिक्के वाचा

ईमेल उशिरा यायला लागले की कार्यालयात पहिला हात जातो तो सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याकडे. त्यानं तुंबलेलं कधी कधी सुटतंही, आणि मग तोच कायमचा इलाज होऊन बसतो. हा सगळा अंदाजपंचे कारभार. उशीर कुठे झाला हे बहुतेक वेळा त्या मेलवरच लिहिलेलं असतं. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो, तो तो सर्व्हर टपालाच्या शिक्क्यासारखी ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणारी एक ओळ, वेळेसह, त्याच्या माथ्यावर चढवतो. नवी ओळ नेहमी वर, म्हणून वाचायचं खालून वर. समजा, खालच्या ओळीत 21:32:11 आणि पुढे उणे 0700 आहे, तर वरच्या ओळीत दुसऱ्या दिवशीचे 10:19:40 आणि अधिक 0530. वरवर पाहता मेल अर्धा दिवस भटकला. पण पहिली वेळ भारतीय घड्याळात 10:02:11 होते. म्हणजे उशीर साडेसतरा मिनिटांचाच, आणि तोही आपल्या दाराबाहेरचा.

दाराबाहेरचा हा उशीर पुष्कळदा आपणच मागून घेतलेला असतो. इव्हॅन हॅरिस यांनी 2003 साली मांडलेल्या ग्रेलिस्टिंगमध्ये सर्व्हर अनोळखी मेलला 451 सारखा आकडा सांगून परत पाठवतो. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘नंतर या’, पाचने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. स्पॅम पाठवणारे सहसा पुन्हा फिरकत नाहीत, हा त्यामागचा हिशेब. पोस्टग्रे हा प्रोग्रॅम एरवी पाचच मिनिटं थांबवतो. पण परत कधी यायचं ते पाठवणारा ठरवतो, आणि ईमेलच्या 2008 च्या प्रमाण नियमावलीची शिफारस किमान अर्ध्या तासाची आहे. त्यातून मोठ्या कंपनीचा मेल दुसऱ्या खेपेला वेगळ्याच यंत्रावरून आला तर पहारेकऱ्याला तो पुन्हा अनोळखी! दहा मिनिटं चालणारा ओटीपी तोवर निकामी.

हे शिक्के खोटे असू शकतात, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. खालच्या ओळींत पाठवणारा काहीही लिहू शकतो. मात्र आपल्या सर्व्हरची ओळ आणि आपला लॉग त्याच्या हातात नसतो. मेल निघण्याआधीच पोचलेला दिसला, तर कुणाचं तरी घड्याळ चुकलंय, एवढंच. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये तर ‘डिलेज’पुढे चार आकडे असतात: रांगेच्या व्यवस्थापकाकडे पोचेपर्यंतचा वेळ, रांगेतला, पुढची जोडणी करण्यातला आणि मेल सोपवण्यातला. मेल व्हायरस तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवला जात असेल आणि चौथाच आकडा फुगला असेल, तर तपासणी रेंगाळतेय.

राहिला मुद्दा रीस्टार्टचा: त्यानं फरक पडतो, तो का? कधीकाळी जोडलेली, आता बंद पडलेली स्पॅम पाठवणाऱ्यांची एखादी काळी यादी सेटिंगमध्ये तशीच राहते. प्रत्येक येणाऱ्या जोडणीमागे सर्व्हर तिला विचारतो आणि न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसतो. पोस्टफिक्समध्ये मुळात शंभर प्रक्रियांची मर्यादा. त्या अशा अडकल्या की नवा मेल दारातच ताटकळतो. रीस्टार्टनं जागा मोकळ्या होतात खऱ्या, पण गर्दी वाढताच पुन्हा भरतात, आणि मर्यादा संपल्याची इशाऱ्याची ओळ लॉगमध्ये पुन्हा उमटते.