ऊस नोंदीची नक्कल : उगवण पाहूनच घ्यावी



बेणे, लागण, खत, पाणी यांवर या पानात आम्ही नेहमी लिहितो. या वेळी विषय जरा आडवाटेचा आहे. ऑफिसातील कॉम्प्युटरमध्ये जी माहिती साठते तिची रोजच्या रोज नक्कल काढून ठेवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याला सगळे बॅकअप म्हणतात ते, कारखान्याने घ्यावयाचे ठरविले आहे. कोणते घ्यावे हे पाहण्यासाठी हिशेब खाते आणि कॉम्प्युटर विभाग यांच्याबरोबर शेतकी खात्याचा माणूस म्हणून माझीही नेमणूक झाली. ऊस विकास अधिकाऱ्याचे यात काय काम, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर एका सभासदानेच वार्षिक सभेत देऊन ठेवले होते. तो म्हणाला होता, "साहेब, उद्या तुमचा कॉम्प्युटर बसला तर माझ्या आडसालीची तारीख कोणची धरणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पूर्वी नोंदवही असे. तिला वाळवी लागे, पण एका रात्रीत सगळी वही नाहीशी होत नसे. आता आपला गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, त्यावरून ठरणारा तोडीचा नंबर, काट्यावरचे वजन, टोळ्यांना दिलेली उचल, शेअर्स आणि ठेवी हे सगळे तळहाताएवढ्या डिस्कवर असते. ती डिस्क गेली तर तोडीचा क्रम कोणत्या आधाराने लावायचा? वशिल्याने? आणि बिलाचे काय? ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, त्यापुढे वार्षिक पंधरा टक्के व्याज बसते. डिस्क जळाली म्हणून चौदाचे पंधरा दिवस होत नाहीत.

सॉफ्टवेअर विकणारे लोक येतात ते नक्कल किती झटपट निघते हे दाखवितात. पडद्यावर हिरवी पट्टी सरकते, शेवटी बरोबरची खूण येते, आणि चहा होतो. पण आपण बेणे घेताना किती ट्रॉल्या आल्या हे पाहून खूष होत नाही. कांडी मातीत गेल्यावर शंभर डोळ्यांतले किती फुटले, हे विचारतो. नक्कलेचेही तेच आहे. ती निघाली किती वेळा हा प्रश्न दुय्यम. गरज पडेल त्या दिवशी ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरून त्यात लागणीची तारीख जशीच्या तशी दिसते का, हा खरा प्रश्न.

हे केवळ आपल्यासारख्या खेड्यातल्या कारखान्याचे दुखणे आहे असे समजू नये. गिटलॅब नावाची कंपनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचेच काम सांभाळून ठेवण्याचा धंदा करते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका तंत्रज्ञाने दुसरा सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे तीनशे जीबी माहिती गेली. माहिती राखण्याच्या एकंदर पाच तऱ्हा त्यांनी योजलेल्या होत्या, पण प्रसंग आला तेव्हा एकही धड उपयोगाची निघाली नाही. रोजची नक्कल काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे ती निघतच नव्हती. निघत नाही असे कळविणारी पत्रेही मेलच्या तपासणीत अडकून परत जात होती. शेवटी सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी काढलेल्या नकलेवर भागले, आणि मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. कंपनीने हे सगळे स्वतः होऊन जाहीर केले, हे मात्र तिच्या पदरात घातले पाहिजे.

म्हणून आम्ही विक्रेत्यांना निराळी अट घातली. एक जुना पण चालू कॉम्प्युटर आणि एक कोरी डिस्क घेतली. नोंदीच्या माहितीची चाचणीपुरती प्रत तयार केली, त्या त्या सॉफ्टवेअरने तिची नक्कल काढली, आणि मग मूळ डिस्क काढून टेबलावर ठेवून दिली. नक्कल परत उतरविण्याचे काम विक्रेत्याच्या इंजिनिअरला करू दिले नाही. रात्रपाळीला काट्यावर असतो त्या क्लार्कलाच बसविले. हंगामात मध्यरात्री दोनला काटा बंद पडला आणि गाड्यांची रांग गेटबाहेर गेली, तर तिथे इंजिनिअर असणार नाही, हा पोरगाच असणार. हे ऐकून एका विक्रेत्याने चाचणीला येण्याचेच टाळले. एकाचे सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर छान चालले, पण निराळ्या बनावटीच्या कॉम्प्युटरवर उतरविल्यावर विंडोज सुरूच होईना. जळालेला कॉम्प्युटर तसाच्या तसा बाजारात पुन्हा मिळतो थोडाच!

या सॉफ्टवेअरमध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. एक फक्त फाइलींची नक्कल काढतो, दुसरा संपूर्ण डिस्कची, विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम धरून. गट ऑफिसात पहिला पुरतो. काट्याच्या आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरला दुसराच हवा, कारण तिथे सगळे प्रोग्रॅम नव्याने बसवीत बसायला वेळ नसतो. तैवानमध्ये तयार झालेले क्लोनझिला हे संपूर्ण डिस्कची नक्कल काढणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि काम चोख करते. मात्र ज्या डिस्कवर विंडोज आहे तिची नक्कल काढताना चालू काम बंद करून कॉम्प्युटर क्लोनझिलावर सुरू करावा लागतो, आणि ज्या डिस्कवर उतरवायचे ती मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही. हंगाम संपल्यावर वर्षाची एक नक्कल काढून ठेवायला ते उत्तम. चालू गाळपात काट्याचा कॉम्प्युटर बंद ठेवता येत नाही, तिथे ते उपयोगाचे नाही.

फुकटाबद्दल आणखी एक. मॅक्रियम रिफ्लेक्ट या इंग्लंडमधील सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुष्कळ ऑफिसांत वापरली जाई. कंपनीने ती मागे घेतली, १ जानेवारी २०२४ नंतर तिला सुधारणा मिळत नाहीत. तेव्हा कंपनीने उद्या हात वर केले तर जुन्या नकला कशाने उघडायच्या, हे खरेदीच्या आधी विचारलेच पाहिजे. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही हाच प्रश्न लागू आहे. वर्षाची फी भरली नाही तर नवी नक्कल निघणार नाही हे समजू शकते, पण जुनी तरी उघडते का? आम्हाला दोघांनी यावर सरळ उत्तर दिले नाही. त्यांची नावे यादीतून काढली.

चालू कॉम्प्युटरची नक्कल काढताना एक मेख असते. क्लार्क नोंद भरत असतानाच फाइल उचलली तर निम्मी जुनी, निम्मी नवी अशी येते. विंडोजमध्ये त्या क्षणाचे चित्र गोठवून मग नक्कल काढण्याची सोय आहे, सॉफ्टवेअर ती वापरते की नाही हे पाहावे लागते.

वेळेचा हिशेब सोपा आहे. पाचशे जीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबी वेगाने उतरली तर सुमारे दीड तास लागतो. तीच जुन्या पद्धतीच्या यूएसबी जोडणीवर तीस एमबीने उतरली तर साडेचार तासांच्या वर जातात. सॉफ्टवेअर तेच, वायर आणि जोडणी निराळी. म्हणून काही विक्रेत्यांच्या वेगाच्या बढाईला आम्ही फारसे गुण दिले नाहीत.

रोज संपूर्ण नक्कल काढली तर जागा पुरत नाही. त्यामुळे रविवारी संपूर्ण आणि इतर दिवशी आदल्या दिवसापासून जे बदलले तेवढेच, अशी पद्धत असते. ही साखळी आहे. बुधवारची कडी तुटली तर गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार हाताशी असूनही लागत नाहीत. प्रत्येक कडी आपोआप तपासून, बिघाड असेल तर तसे स्पष्ट कळविणारे सॉफ्टवेअरच आम्ही पुढे ठेवले आहे.

आता नक्कल ठेवायची कुठे? ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना सांगायला नकोत. कॉम्प्युटर खालच्या खणात आणि नक्कल वरच्या खणात, ही सोय पुरापुढे काय टिकणार? आणि पाण्याखेरीज दुसरीही धाड असते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी कॉम्प्युटर-हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. नकलेची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवली तर असा हल्ला मूळ आणि नक्कल दोन्ही खातो. एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याची किंवा गूगल ड्राइव्हशी जुळवून ठेवण्याची जी सोय असते, तिलाच काही जण बॅकअप समजतात. तिथे एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जाते.

आमची शिफारस अशी झाली आहे. मुळासकट तीन प्रती, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक कारखान्याच्या आवाराबाहेर उंचावरच्या गट ऑफिसात. हा तीन-दोन-एकचा नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारामुळे लोकांना माहीत झाला. बाहेर न्यायच्या डिस्क दोन राहतील, एक सम तारखेची, एक विषम तारखेची, आणि काम झाले की काढून ठेवायच्या. नकलेला कुलूपशब्द घालायचा, कारण त्यात आपले बँक खाते आणि आधार नंबर आहेत. पण तो विसरला तर नक्कल कायमची बंद, म्हणून तो पाकिटात सील करून कारखान्याच्या तिजोरीत ठेवायचा. दर महिन्याला कोणत्याही एका गटाची नक्कल कोऱ्या डिस्कवर उतरवून, त्यातील दहा सभासदांच्या नोंदी कागदावरच्या नोंदीशी ताडून पाहावयाच्या, आणि त्याची सही शेतकी खात्याने करावयाची. शेवटच्या कलमाला खर्च काही नाही, पण चर्चा सगळ्यात जास्त त्यावरच झाली, कारण सही म्हटली की सगळे मागे सरकतात.

सभासदांना एक विनंती आहे. मुळात नोंद चुकीची असेल तर नक्कलही चुकीचीच निघणार. पूर्वहंगामी लागणीच्या नोंदींची छापील यादी प्रत्येक गट ऑफिसात लावण्यात येत आहे. आपले नाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख पाहून घ्यावी. फरक दिसल्यास यादी लागल्यापासून आठ दिवसांत नोंद पावती घेऊन चिटबॉयला भेटावे, तोंडी सांगून जाऊ नये. काट्याच्या पावतीवरची छपाई काही महिन्यांत उडते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि तो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवरही पाठवावा.